हरलेल्या लढाईचा अभिमान कशाला? (वाचक विचारतात)

गेल्या अंकात २५ एप्रिलच्या निमित्ताने एक छोटं टिपण दिलं होतं. त्यात एवढंच होतं की १९१५ साली याच तारखेला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक, म्हणजे अँझॅक, तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, आठ महिन्यांनी हरून परत गेले आणि तरीही आज ऑस्ट्रेलियात हाच दिवस देशाचा सगळ्यात मोठा दिवस मानला जातो. त्यावर एवढी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना जागा देणं शक्य नाही, त्यातली काही निवडलीत.

प्रश्न: नमस्कार सर. आम्ही बरीच वर्षं मेलबर्नला आहोत. मुलगी प्रायमरीत आहे. अँझॅक डेला शाळेत कार्यक्रम असतो, ती ओटची बिस्किटं घेऊन जाते, कोटाला लाल पॉपीचं फूल लावते. यावेळी घरी येऊन विचारते, बाबा, आपण हरलो होतो ना, मग एवढं कशासाठी? मला हरलो याचंही उत्तर देता येईना आणि ती 'आपण' म्हणाली त्याचंही. (मेलबर्नहून एक बाबा)

उत्तर: मुलगी हुशार आहे, तिला आधी सांगा की हो, हरलेच. आता का ते बघू, थोडं मागून सुरू करावं लागेल.

ऑस्ट्रेलिया हा देश झाला १ जानेवारी १९०१ ला. सहा ब्रिटिश वसाहती एकत्र आल्या, लोकांनी मतदान केलं, लंडनच्या पार्लमेंटने कायदा पास केला, झाला देश. लढा नाही, क्रांती नाही, कुणी फासावर गेलं नाही. म्हणजे कागद एकदम पक्का पण पोराबाळांना सांगायला गोष्ट काही नाही, आणि ज्या गोष्टी होत्या त्या सांगायची लाज वाटावी अशा, एक म्हणजे इंग्लंडने कैदी आणून टाकायला वापरलेली जागा आणि दुसरी म्हणजे मूळच्या लोकांकडून हिसकावलेली जमीन. लोकसंख्या ५० लाखांच्याही आत. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि हे आपोआप युद्धात गेले, यांना वेगळं विचारायचा प्रश्नच नव्हता.

मग गॅलिपोली. चर्चिलच्या डोक्यातली आयडिया अशी की आरमार दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून घुसवायचं, इस्तंबूल घ्यायचं, तुर्कस्तानला युद्धातून बाहेर काढायचं आणि रशियाला रसद पोचवायची वाट मोकळी करायची. १८ मार्च १९१५ ला जहाजं घुसली, पाण्यातल्या सुरुंगांनी तीन मोठ्या युद्धनौका बुडवल्या, आरमार मागे फिरलं. मग ठरलं की जमिनीवर सैन्य उतरवू. २५ एप्रिलला पहाटे अंधारात अँझॅक उतरले ते एका चिंचोळ्या किनाऱ्यावर, समोर उभे कडे आणि घळी, आणि वर तुर्की. त्या दिवशी जेवढी जमीन मिळाली जवळपास तेवढ्यातच पुढचे आठ महिने काढले, पाणी नाही, माश्या, हगवण, ऑगस्टमध्ये मोठा हल्ला झाला तोही फसला, आणि डिसेंबरात सगळे गुपचूप निघून गेले. गंमत म्हणजे पूर्ण मोहिमेतला सगळ्यात सफाईने केलेला भाग हा पळ काढण्याचा! रिकाम्या खंदकात बंदुका लावून ठेवल्या, एका डब्यातून दुसऱ्या डब्यात पाणी ठिबकत राहायचं, खालचा डबा जड झाला की चाप ओढला जाऊन गोळी सुटायची, तुर्कांना वाटायचं माणसं आहेत अजून. ऑस्ट्रेलियाचे ८ हजारांहून जास्त मेले, न्यूझीलंडचे २७०० च्या आसपास.

आता यातून देश कसा घडतो? माझं सरळ मत आहे की लढाईने घडला नाही, लढाईनंतर जे सांगितलं गेलं त्याने घडला. पहिली मोठी बातमी ऑस्ट्रेलियन पेपरांत आली ८ मे १९१५ ला, आणि ती लिहिणारा होता अ‍ॅशमीड-बार्टलेट हा इंग्रज वार्ताहर. त्याने यांच्या पोरांचं तोंडभरून कौतुक केलं. माहेरच्यांनी कितीही वाहवा केली तरी ती कुणी धरत नाही पण सासूने एकदा बरं म्हटलं की मग ते खरं, तसं झालं हे. बातमी पेपरांत छापून आली, शाळांतून वाचली गेली, आणि वर्षभरात, म्हणजे २५ एप्रिल १९१६ ला, युद्ध चालू असतानाच पहिला अँझॅक डे झालासुद्धा. त्यात नवीन भरती व्हावी हाही हेतू होता, हे विसरू नका.

दुसरा माणूस चार्ल्स बीन. हा ऑस्ट्रेलियाचा सरकारी वार्ताहर, गॅलिपोलीत सैनिकांबरोबर राहिला, नंतर युद्धाचा बारा खंडांचा सरकारी इतिहास त्याच्या देखरेखीखाली झाला, त्यातले निम्मे त्याने स्वतः लिहिले. कॅनबेराचं वॉर मेमोरियल ही मूळ त्याचीच कल्पना, ते १९४१ ला उघडलं. साधा सैनिक, साहेबाला सलाम ठोकायला कंटाळणारा, दोस्तासाठी जीव देणारा, थट्टामस्करी करत मरणारा असा जो ऑस्ट्रेलियन माणूस आज आपल्या डोळ्यासमोर येतो तो बराचसा बीनने उभा केलाय. खोटा नाही, पण निवडून घेतलेला.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कुणी फारशी सांगत नाही. पूर्ण महायुद्धात ऑस्ट्रेलियाचे ६० हजार लोक मेले, आणि ब्रिटिश साम्राज्याचं धोरण असं की प्रेतं घरी आणायची नाहीत, जिथे पडले तिथेच पुरायचे. म्हणजे आईबापांना जायला थडगंच नाही, असलं तर ते जहाजाने महिना-दीड महिना लांब, कोण जाणार! मग गावोगावी लोकांनी वर्गण्या काढून स्मारकं बांधली, छोट्या छोट्या गावातसुद्धा चौकात एक दगडी सैनिक मान खाली घालून उभा असतो, तुम्ही बघितला असेलच. तोच खांब म्हणजे थडगं. आणि तिथे बऱ्याच ठिकाणी फक्त मेलेल्यांची नावं नाहीत, जे जे गेले त्या सगळ्यांची आहेत, कारण सक्तीची भरती नव्हती, सगळे आपणहून गेलेले. म्हणजे अँझॅक डे आधी हा सुतकाचा दिवस आहे, अभिमान नंतर चढत गेला. मुलीला हे सांगितलं की 'हरलो तर कशाला' हा प्रश्न आपोआप सुटतो. आणि आपल्याला तरी हे नवीन आहे का, १७६१ च्या पानिपताला अडीचशे वर्षं उलटून गेली तरी मराठी माणूस ते जिंकलेल्या दहा लढायांपेक्षा जास्त आठवतो.

आता तिच्या 'आपण' बद्दल. बिनधास्त म्हणू दे. २५ एप्रिलला त्याच किनाऱ्यावर हिंदुस्थानी डोंगरी तोफखाना उतरला होता, खेचरांवर तोफा लादून, कोहाट बॅटरी आणि जेकब्स बॅटरी, म्हणजे तोफांच्या दोन तुकड्या. शिवाय चौदावी शीख पलटण होती, गुरखा होते, खेचरांच्या गाड्या हाकून कड्यांवर पाणी आणि दारूगोळा पोचवणारे होते, मिळून सुमारे १५ हजार लोक. शाळेत तिला गाढवावरून जखमी आणणाऱ्या सिम्पसनची गोष्ट सांगितली असेल, तर तो सिम्पसन तळ टाकून असायचा हिंदुस्थानी तोफखान्याच्या लोकांत (आणि तो मूळचा इंग्लंडचा, जहाजावरून पळून ऑस्ट्रेलियात राहिलेला, हेही सांगा). आणि सगळ्यात भारी म्हणजे अँझॅक सैन्याचा सेनापती जनरल बर्डवुड, ज्याचं नाव ऑस्ट्रेलियात शाळकरी पोरांनाही माहीत असायचं, त्याचा जन्म कुठला? आपल्या खडकीचा, पुण्याच्या. १८६५ चा. बाप मुंबई हायकोर्टात जज्ज होता.

प्रश्न: सगळी चूक चर्चिलची होती ना? आणि इंग्रज साहेबांनी ऑस्ट्रेलियन पोरं मुद्दाम पुढे घालून मारली असं ऐकलंय. (ठाण्याहून)

उत्तर: चर्चिलचा वाटा मोठा, त्याला मे महिन्यात आरमारखातं सोडावं लागलं आणि नोव्हेंबरात मंत्रिमंडळही, मग तो थेट फ्रान्सच्या खंदकात लढायला गेला. पण एकट्याची नाही, युद्धमंत्री किचनर होते, वरची सगळी युद्धसमिती होती.

दुसरं मात्र बरोबर नाही. गॅलिपोलीत ब्रिटिशांचे स्वतःचे मेले ते ऑस्ट्रेलियनांच्या दुपटीहून जास्त, फ्रेंचही १० हजारांच्या आसपास गेले. ७ ऑगस्टला नेक नावाच्या अरुंद जागेवर घोडदळाच्या पोरांच्या लाटांमागून लाटा मशीनगनसमोर कापल्या गेल्या, ऑस्ट्रेलियात ती गोष्ट सांगताना दोष इंग्रजांवर जातो, पण तिथे हल्ला चालू ठेवायला सांगणारे ब्रिगेडचे अधिकारी ऑस्ट्रेलियनच होते. नव्या देशाला आपली पोरं शूर आणि साहेब गाढव अशी गोष्ट फार सोयीची असते. याला एका पत्राचाही हातभार लागला, कीथ मर्डॉक नावाच्या तरुण ऑस्ट्रेलियन पत्रकाराने सप्टेंबर १९१५ मध्ये आपल्या पंतप्रधानाला लांबलचक पत्र लिहून ब्रिटिश अधिकाऱ्यांना झोडपलं, त्यात अतिशयोक्ती बरीच होती पण परिणाम झाला. याच कीथचा मुलगा रुपर्ट, तो टीव्ही आणि पेपरवाला.

प्रश्न: आमच्या गावात मारुतीच्या देवळाशेजारी एक संगमरवरी पाटी आहे, या गावातून अमुक माणसं १९१४-१९ च्या महायुद्धात गेली, त्यापैकी अमुक मेली. नावं नाहीत, फक्त आकडे. आमचे पणजोबा मेसोपोटेमियात गेले असं घरात सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या पोरांनी देश घडवला मग आमच्या माणसांनी काय केलं? तीही मेलीच की. (सातारा जिल्ह्यातून)

उत्तर: हे पत्र वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. तुमचा राग बरोबर आहे.

मराठा पलटणी सगळ्यात जास्त अडकल्या त्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. सहावी पूना डिव्हिजन १९१४ च्या नोव्हेंबरात बसऱ्याला उतरली, तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. बगदाद घ्यायच्या नादात जनरल टाउनशेंड फार पुढे गेला, मार खाऊन मागे आला आणि डिसेंबर १९१५ पासून तैग्रिसच्या वळणावर कुत अल अमारा या गावात वेढला गेला. जवळपास पाच महिने. अन्न संपलं, घोडे मारून खायची वेळ आली, आपल्या बऱ्याच शिपायांनी ते खायला नकार दिला, स्कर्व्हीने आणि उपासमारीने माणसं गेली. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजारांनी शस्त्रं खाली ठेवली आणि त्यांना वाळवंटातून चालवत कैदेत नेलं, त्यातले हजारो परत आले नाहीत. तारीख बघा हं. २५ एप्रिलला लंडनच्या आणि सिडनीच्या रस्त्यांवर पहिल्या अँझॅक डेच्या मिरवणुका निघाल्या आणि बरोब्बर चार दिवसांनी कुत पडलं. दोन्ही पराभवच.

मग फरक कुठे पडला? एक तर आपल्याकडे बीन नव्हता. बहुतेक शिपायांना लिहितावाचता येत नव्हतं, पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, ते सेन्सॉरच्या नजरेखालून जायचं, आणि पलटणींचा इतिहास लिहिला तो इंग्रज अधिकाऱ्यांनी. दुसरं म्हणजे स्मारकं गावाने बांधली नाहीत, सरकारने लावली. तुमच्या पाटीवर नाव नाही आकडा आहे, तो योगायोग नाही, बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरसुद्धा गोऱ्या सैनिकांची नावं कोरलीत आणि हिंदुस्थानी लोकांत फक्त अधिकाऱ्यांची, बाकीच्या शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा. आकड्यापुढे उभं राहून कुणी रडत नाही हो. ऑस्ट्रेलियात एकेक नाव कोरलं गेलं, त्या नावाची आई होती, बहीण होती, ती दर वर्षी फुलं घेऊन यायची.

आणि तिसरं कारण राजकारणाचं. टिळकांचंही म्हणणं सैन्यात जाऊ नका असं नव्हतं, उलट जा, पण बदल्यात स्वराज्य द्या असा सौदा होता. जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्ध परिषद बोलावली, टिळक स्वराज्याचं बोलायला लागले तसं त्यांना मध्येच थांबवलं, ते उठून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी रौलट कायदा आला आणि १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग. त्यानंतर साम्राज्यासाठी मेलेल्या शिपायाचं काय करायचं हे देशाला कळेना, तो ना हुतात्मा ना गद्दार, राष्ट्रीय चळवळीच्या गोष्टीत त्याला जागाच उरली नाही. ऑस्ट्रेलियाची ओळख साम्राज्यासाठी लढून तयार झाली, आपली त्याच साम्राज्याविरुद्ध. युद्ध तेच, वर्षं तीच.

पण अगदीच काही उरलं नाही असं नाही, लहान प्रमाणात ओळखी तयार झाल्याच. तुमच्याच जिल्ह्यातलं अपशिंगे घ्या, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, आज नावच अपशिंगे मिलिटरी आणि घराघरात फौजी. दुसरं उदाहरण महारांच्या भरतीचं. इंग्रजांनी आधी त्यांना सैन्यात घेणं बंद केलं होतं, महायुद्धात माणसं कमी पडली तसं १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर मोडून टाकली. त्यानंतर १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. तो स्तंभ कंपनी सरकारने स्वतःच्या विजयासाठी बांधलेला, पण त्यावर नावं कोरलेली होती आणि त्या नावांत आपली माणसं कोण हे त्यांनी लोकांना दाखवलं. बांधणाऱ्याच्या मनात काय होतं याला नंतर फार किंमत राहत नाही.

एक काम मात्र करा. घरात जुनं मेडल असेल तर त्याची कड बघा, नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती घेऊन कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधा, आणि पणजोबांचं नाव सापडलं तर ग्रामपंचायतीला सांगून त्या पाटीखाली दुसरी पाटी लावून घ्या, नावांची.

प्रश्न: मी एमपीएससी करतोय. निबंधाला 'युद्धातून राष्ट्र घडते' असा विषय आला तर बाजूने लिहू की विरोधात? (नाशिक)

उत्तर: बाजूने लिहायचं तर कॅनडा घे. एप्रिल १९१७ ला फ्रान्समधल्या विमीच्या टेकडीवर कॅनडाच्या चारही डिव्हिजन पहिल्यांदा एकत्र लढल्या, टेकडी जिंकली, साडेतीन हजारांवर लोक मेले, आणि तेव्हापासून आमचा देश तिथे जन्मला असं कॅनडात म्हणतात. पण क्युबेकचा फ्रेंच माणूस हे फारसं म्हणत नाही, कारण त्याच वर्षी त्यांच्यावर सक्तीची भरती लादली गेली आणि १९१८ च्या वसंतात क्युबेक शहरात दंगल होऊन सैन्याने गोळीबार केला. एकाच युद्धाने अर्धा देश जोडला आणि अर्धा दुखावला.

विरोधात लिहायचं तर माझं आवडतं उदाहरण न्यूफाउंडलंड, जे कुणीच लिहीत नाही, परीक्षक खूश होईल. हा तेव्हा कॅनडाचा भाग नव्हता, स्वतंत्र डोमिनियन होता, म्हणजे ब्रिटिश साम्राज्यातला पण स्वतःचं सरकार असलेला देश, ऑस्ट्रेलियासारखाच. त्यांची एकच रेजिमेंट, तीही गॅलिपोलीत होती. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत ब्यूमाँ-हामेलला सुमारे ८०० जण खंदकातून बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे होते. एवढ्याशा देशात एवढं मोठं दुःख, गावोगावी तीच स्मारकं, तेच नावांचे दगड, म्हणजे ऑस्ट्रेलियाचं सगळं सामान हजर. पण युद्धाचं कर्ज डोक्यावर बसलं, पुढे मंदी आली, माशांचे भाव पडले आणि १९३४ ला त्यांनी आपलं स्वतःचं सरकारच गुंडाळून कारभार लंडनच्या आयोगाकडे दिला. १९४९ ला ते कॅनडात विलीन झाले, तेही सार्वमतात जेमतेम ५२ टक्क्यांनी. आता १ जुलैला तिथे सकाळी सुतक असतं आणि नंतर कॅनडा डेचा जल्लोष. म्हणजे बलिदान होतं, आठवण होती, पण पैसा नव्हता. ऑस्ट्रेलियाकडे लोकर होती, गहू होता.

आणि ऑस्ट्रेलियाबद्दलही एक मुद्दा टाक. देश गॅलिपोलीत जन्मला म्हणतात खरं पण ऑस्ट्रेलियन नागरिकत्व नावाची गोष्ट कायद्याने सुरू झाली २६ जानेवारी १९४९ ला, तोवर ते सगळे ब्रिटिश प्रजाजन होते. १९१६ आणि १९१७ मध्ये सक्तीच्या भरतीवर दोनदा लोकांचं मत घेतलं, दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हणून सांगितलं, पंतप्रधान ह्यूजचा पक्ष फुटला, कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडण पेटलं. युद्धाने देश एक केला हे वाक्य लिहायच्या आधी हे आठव.

प्रश्न: तुमचं टिपण म्हणजे युद्धाचं उदात्तीकरण वाटलं. गोऱ्यांनी दुसऱ्याच्या देशावर हल्ला केला आणि तुम्ही त्यांच्या बलिदानाचं कौतुक करताय? (कोल्हापूर)

उत्तर: अर्धं मान्य. दुसऱ्याच्या देशात घुसलेले होते हे खरंच आहे आणि टिपणात ते यायला हवं होतं, जागा नव्हती हे कारण पुरेसं नाही. पण हाच वाद ऑस्ट्रेलियात केव्हापासूनचा चालू आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तर तरुण पोरांना अँझॅक डे म्हणजे म्हाताऱ्यांचा दारू पिण्याचा दिवस वाटायचा, आता हा दिवस हळूहळू संपणार असं धरून चालले होते. तो परत उभा राहिला तो पुढे, १९९० ला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा पंतप्रधान बॉब हॉक म्हाताऱ्या सैनिकांना घेऊन गॅलिपोलीला गेले, मग बॅगा पाठीला लावून पोरंपोरी तिथे जायला लागली. गॅलिपोलीत लढलेला शेवटचा माणूस, टास्मानियाचा अ‍ॅलेक कँपबेल, २००२ ला गेला. म्हणजे साक्षीदार कमी होत गेले तसा सोहळा मोठा होत गेला, मला हे जरा खटकतं, कारण जो तिथे होता तो 'अरे असं नव्हतं' म्हणू शकतो.

आणि सगळ्यात मोठी खोट वेगळीच आहे. ज्या देशात १९०१ पासून गोऱ्यांशिवाय कुणी येऊ नये असा कायदा होता, ज्या सैन्याच्या नियमात युरोपियन वंशाचे नसलेले नकोत असं होतं, त्यात हजारभर तरी आदिवासी ऑस्ट्रेलियन कसेबसे भरती झाले, लढले, आणि परत आल्यावर सैनिकांना जमिनी वाटल्या त्यात बहुतेकांना काही मिळालं नाही. जनगणनेत त्यांना नीट मोजण्याआड येणारं संविधानातलं कलम जायला १९६७ चं सार्वमत लागलं. आणि त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर गोऱ्या वसाहतवाल्यांशी शंभराहून जास्त वर्षं ज्या चकमकी आणि कत्तली झाल्या ते युद्धच, पण ते कॅनबेराच्या मेमोरियलमध्ये दाखवायचं की नाही यावर अजून भांडण चालू आहे. एखादं युद्ध एवढं मोठं करून सांगितलं की दुसरं त्याच्या मागे लपतं.

बाकी पावित्र्य जपायची हौस किती ते बघा, 'अँझॅक' हे नाव सरकारी परवानगीशिवाय धंद्यात वापरता येत नाही. बिस्किटाला सूट आहे, पण ते बिस्किटच म्हणायचं, कुकी म्हटलं तर चालत नाही!

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर झालोय, तुर्कस्तानची टूर करणार आहोत. टूरवाले गॅलिपोली दाखवत नाहीत. आपल्या आपण जाण्यासारखं आहे का? आणि तुर्कांना त्याचं काय वाटतं? (पुण्याहून एक काकू)

उत्तर: नक्की जा काकू. चानाक्काले शहरात मुक्काम करा, तिथून फेरीने एजेआबातला यायचं आणि गाडी करून दिवसभर फिरायचं. पूल पण झालाय आता. त्या पुलाचीच गंमत सांगतो, नाव '१९१५ चानाक्काले पूल', उघडला १८ मार्च २०२२ ला, म्हणजे आरमार परतवलं त्या तारखेला, दोन खांबांमधलं अंतर २०२३ मीटर कारण २०२३ ला तुर्की प्रजासत्ताकाला शंभर वर्षं होणार होती, आणि खांबांची उंची ३१८ मीटर, तिसरा महिना अठरावी तारीख. इंजिनिअरला इतिहासाच्या मास्तरांनी पकडून बसवलं असावं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. तुर्कांसाठी हा विजय, आणि त्यातून वर आला मुस्तफा केमाल, आपल्या शाळेच्या पुस्तकातला केमाल पाशा. २५ एप्रिलला सकाळी त्याने ५७ वी पलटण धावत पुढे घातली, ती पलटण जवळपास संपली पण टेकड्या वाचल्या. आठ वर्षांनी त्याने प्रजासत्ताक स्थापलं आणि १९२४ ला खिलाफतच बरखास्त केली, जिच्यासाठी इकडे हिंदुस्थानात मोठी चळवळ चालली होती. पण गॅलिपोलीत लढलं ते उस्मानी साम्राज्याचं सैन्य, त्यात अरब पलटणीही होत्या, आज गोष्ट सांगताना सगळे तुर्कच होतात. मेले ८० हजारांच्या पुढे. आणि एक अवघड गोष्ट, अँझॅक उतरले त्याच्या आदल्या रात्री, २४ एप्रिलला, इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक-पुढाऱ्यांना पकडायला सुरुवात झाली, आर्मेनियन वंशसंहाराची आठवण जगभर त्या तारखेला करतात. २०१५ ला शताब्दीचा आंतरराष्ट्रीय सोहळा तुर्की सरकारने नेमका २४ एप्रिललाच ठेवला, त्यावर बरीच टीका झाली. तिथल्या गाइडला हा विषय काढून बघा, काढायचा असेल तर जपून.

२५ एप्रिलला जाऊ नका, ऑस्ट्रेलियाहून आलेल्यांची गर्दी, रात्रभर थंडीत बसावं लागतं. १८ मार्चच्या आसपास तुर्की शाळांच्या सहलींची झुंबड. सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. अँझॅक कोव्ह, लोन पाइन, ५७ व्या पलटणीचं स्मारक आणि चुनुक बैर हे एका बाजूला जवळजवळ आहेत. पण बहुतेक लोक तेवढंच बघून परत फिरतात, तुम्ही गाडीवाल्याला सांगून दक्षिणेच्या टोकाला हेल्स मेमोरियलपर्यंत जाच, तिथे २० हजारांवर नावं आहेत आणि त्यात हिंदुस्थानी पलटणींचीही. ४ जूनला चौदावी शीख पलटण त्याच भागात एका सकाळीत अर्ध्याहून जास्त कापली गेली. वारा फार असतो, स्वेटर न्या, आणि जेवण एजेआबातलाच उरकून निघा, पुढे काही मिळेल याची खात्री नाही.